ट्राईक किती देती? पावती काढा, मग बोलू

नमस्कार मंडळी! आज गाडी नाही. मी आहे, हा पांढरा फळा आहे आणि ही पावत्यांची पिशवी आहे.

मागं मावसभावाची ट्राईक, म्हणजे तीन चाकांची मोटरसायकल, दाखवली होती. तो टेक्सासला असतो, त्याच्याकडं हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड आहे. 1868 सीसीचं इंजिन, मागं दोन रुंद टायर, रिव्हर्स गिअर, सगळं सांगून झालं. आणि खाली कमेंट काय? "दादा, किती देती?" "भावा, ॲव्हरेज?" एकानं तर लिहिलंय, "बाकीचं राहू दे, लिटरला किती ते बोल." अस्सल कोल्हापूरकर! पाचशे साठ किलोची गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये हा प्रश्न विचारत नसेल, पण आपण विचारणार. विचारायलाच पाहिजे. कारण या गाडीचा प्रश्न पैशापेक्षा जास्त पंपाचा आहे. पुढच्या पंपापर्यंत पोचणार का, हा.

तर उत्तर आधीच देतो, घाईत असलेल्यांनी घ्या आणि निघा. मोठ्या टूरिंग ट्राईक साधारण लिटरला 13 ते 16 किलोमीटर देतात. ट्राय ग्लाइडची टाकी 22.7 लिटरची. कॅन-ॲम स्पायडर आरटी, म्हणजे ती पुढं दोन चाकं आणि मागं एक असलेली, तिची साधारण 26 लिटरची. होंडा गोल्डविंग 2017 पर्यंत 25 लिटरची होती, 2018 ला नवीन मॉडेल आलं आणि टाकी 21 लिटरवर आली. गोल्डविंगला मागं दोन चाकं बसवून देणारे लोक परदेशात आहेत, त्यांच्याकडून केलेल्या गाड्याही यात धरा.

कमी का देती? वजन जास्त, तिसरं चाक, टायर कारसारखे रुंद, अंग रुंद. घाटात आणि सिग्नलला वजन खातं, हायवेला वारा खातो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 चा वेग 110 केला की हवेचा अडथळा जवळपास दुप्पट. झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढं.

आता एक किरकोळ भांडण मिटवू. "तिकडच्या व्हिडिओत तर 35 देते म्हणतोय, तुम्ही 15 कसं सांगता?" अशा ढीगभर कमेंट आहेत. अहो, तो 35 मैल म्हणतोय आणि गॅलनला म्हणतोय. अमेरिकेचा गॅलन 3.785 लिटरचा. 35 म्हणजे आपले लिटरला 14.9 किलोमीटर. आणि व्हिडिओ इंग्लंडचा असेल तर तिथला गॅलन 4.546 लिटरचा, तिथं 35 म्हणजे फक्त 12.4. आकडा तोच, गाडीही तीच असू शकते, फरक अडीच किलोमीटरचा. बोलणारा कुठला आहे ते बघा, मग मला शिव्या घाला.

आता खरा विषय. त्यासाठीच आज बसलोय.

तुम्ही मला तुमच्या गाडीचं ॲव्हरेज पाठवता ना, बुलेट असो, हिमालयन असो, बाजूला चाकं लावलेली ॲक्टिव्हा असो, त्यातल्या बऱ्याच जणांची मोजणी पहिल्याच पायरीला घसरते. टाकी फुल करता. बरोबर. ट्रिप मीटर शून्य करता. बरोबर. फिरून येता, परत फुल करता. तेही बरोबर. आणि मग भागाकार करताना पहिल्या वेळी टाकलेलं पेट्रोल धरता! पहिलं नाही हो, दुसरं धरायचं. दुसऱ्या वेळी जेवढं बसलं, तेवढं.

(फळ्यावर लिहीत) बघा. शनिवारी टाकी फुल केली, 9 लिटर बसलं. ट्रिप मीटर शून्य. 210 किलोमीटर फिरलो. रविवारी परत फुल केली, 15 लिटर बसलं. आता 210 भागिले 9 केलं तर येतात 23. पोरगं खूश, स्टेटसला टाकतंय, ट्राईक तेवीस देती! खरं उत्तर 210 भागिले 15, म्हणजे 14.

अजून पटत नाही? ते शनिवारचं 9 लिटर कुठल्या खड्ड्यात गेलं ते विचारा. शुक्रवारपर्यंत जे जळालं होतं, त्या जागेत गेलं. आपण मीटर शून्य केला तो त्याच्यानंतर. म्हणजे त्या 9 लिटरचा आणि या 210 किलोमीटरचा काही संबंधच नाही.

तरीही एखादा म्हणणार, "पण पैसे तर मी शनिवारी दिले." बरं. घरातलं पाण्याचं पिंप घ्या. सकाळी काठोकाठ भरलं. दिवसभर वापरलं. रात्री परत काठोकाठ भरायला ज्या कळश्या लागल्या, तेवढं पाणी त्या दिवशी संपलं. सकाळी भरायला किती लागल्या होत्या, त्याचा आजच्या वापराशी काय संबंध? आमच्या आईला हे एका वाक्यात कळलं. पदवी घेतलेला एक मित्र अजून माझ्याशी वाद घालतोय.

म्हणून माझी पद्धत बघा. (पावती कॅमेऱ्यापुढं धरून) पावती घेतली की तिथंच, पंपावरच, पेननं ट्रिप मीटरचा आकडा तिच्यावर लिहायचा. मगच मीटर शून्य. म्हणजे लिटर आणि किलोमीटर एकाच कागदावर येतात आणि चुकीची जोडी लागतच नाही. मावसभाऊसुद्धा आता असाच फोटो पाठवतो. पेन मात्र जवळ ठेवा, ही पावती दोन-तीन महिन्यांत पुसट होऊन कोरी पडते.

आणि "दोनशेचं टाक" वाल्यांनो, तुमचं मोजमाप होणारच नाही. फुल ते फुल, तेवढंच चालतं. तेही मोठ्या अंतरावर. टाकीत एक लिटर इकडंतिकडं झालं तर 20 लिटरच्या हिशोबात पाच टक्क्यांची चूक. तीन लिटरच्या हिशोबात तेहतीस टक्के! काटा कुठं होता त्यावरून तर सांगूच नका.

"फुल" म्हणजे काय, यावरही बोलतो, कारण इथं माझं डोकं फिरतं. नोझल टक करून बंद झालं की फुल. संपलं. पण आपल्याकडं पंपावरचा पोरगा काय विचारतो? "दादा, राउंड करू?" मीटरवर अठराशे बासष्ट झालेत, याला एकोणीसशे करायचे आहेत. मग तो नोझल धरून टिपटिप, टिपटिप, टाकीत बघत बघत ओततो. या वेळी त्यानं केलं, पुढच्या वेळी दुसऱ्यानं केलं नाही, तुमचा हिशोब झोपला. शिवाय पेट्रोल उन्हात फुगतं. 22 लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं तर पावशेराहून जास्त वाढतं, जवळपास 300 मिलिलिटर. त्याला जागा नको का? नवीन गाड्यांत टाकीतली वाफ धरायला कोळशाचा डबा असतो, काठोकाठ भरलं की त्याच्यात पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो. "राउंड नको, टक झालं की थांब," असं मी आधीच सांगतो. आमच्या नेहमीच्या पंपावर आता मला तेच म्हणतात, "ते बघ, टकवाले आले."

इथं ट्राईकचा एक फायदा आहे. दुचाकी साइड स्टँडवर तिरकी असते, टाकीत कमी बसतं, सरळ धरली की जास्त. ट्राईक आपली तीन पायांवर उभी, दर वेळी एकसारखी. फक्त पंपाची फरशी उताराची असेल तर ट्राईकही उतारालाच उभी राहणार. म्हणून पंप तोच, तोंड त्याच दिशेला.

किलोमीटरचाही भरवसा नाही हं. मागचं चाक किंवा मागच्या गिअरचा रेशो बदललेला असेल आणि मीटरला खबर गिअरबॉक्सकडून जात असेल, तर मीटर 200 दाखवेल आणि गाडी 190 गेलेली असेल. हायवेवरचे किलोमीटरचे दगड नाहीतर मोबाइलवरचं जीपीएस घेऊन एकदा ताडून बघा. माझ्या ॲक्टिव्हाला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाजूची दोन चाकं बसवली, पण तिचा मीटर पुढच्या चाकावर चालतो. त्यामुळं मीटर तसाच बरोबर राहिला, ॲव्हरेज मात्र चांगलंच उतरलं. आणि हो, "उद्यमनगरात बुलेटची ट्राईक करून मिळेल का" असं विचारणाऱ्यांना, करून मिळेलही, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काय मिळत नाही! पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आधी आरटीओ, मग वेल्डिंग.

आता कोकण. आपल्या लोकांचा सगळ्यात लाडका आकडा कोकणात उतरतानाचा असतो. "गगनबावडा मार्गे गेलो, वीस दिलं!" देणारच की. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. जाताना उतार. येताना तेवढीच उंची चढायची आहे. गाडी, दोन माणसं, सामान मिळून साडेसातशे किलो धरा, तर नुसतं ते वजन वर उचलायला साधारण अर्धा लिटर पेट्रोल जास्त जातं. वळणावळणाला ब्रेक मारून परत उचलायची, ते वेगळं.

आणि इथं दुसरी गंमत. समजा एका बाजूचं अंतर 120 किलोमीटर. जाताना 20 दिलं, येताना 12. सरासरी किती? सगळे म्हणणार 16. चूक. जाताना 6 लिटर, येताना 10 लिटर, एकूण 16 लिटर. 240 भागिले 16, म्हणजे 15. लिटर जोडायचे, ॲव्हरेज जोडायचं नाही. एक किलोमीटरचा फरक छोटा वाटतो, पण 22 लिटरच्या टाकीला तो 22 किलोमीटर होतो. मलकापूर सोडून आंबा घाटात रात्री 22 किलोमीटर ढकलून बघा साडेपाचशे किलोची गाडी.

न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, बंद करा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि जास्त जाळलंत, वर एवढं वजन एकट्या ब्रेकवर. गगनबावड्याच्या करूळ घाटात ब्रेक तापल्याचा वास आला की कळेल.

रेंजचा हिशोब मी असा करतो. सगळ्यात वाईट ॲव्हरेज घ्यायचं, आणि टाकीतले तीन लिटर नाहीतच असं धरायचं. 22.7 मधून 3 गेले, राहिले 19.7. वाईट दिवसाचं 12 धरा, 236 किलोमीटर. कोल्हापूर ते पुणे साधारण 230. म्हणजे कागदावर पोचता, पण मी साताऱ्याला भरून घेईन, कारण पुढं खंबाटकी आहे आणि पुण्याचं ट्रॅफिक आहे. शेवटचे ते तीन लिटर गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपासाठीही लागतात. टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो, कोरडा चालवला की तापतो. आणि डिस्प्लेवर "अजून 90 किलोमीटर" दिसतंय ना, ते मागच्या रस्त्यावरून काढलेलं आहे. पुढं घाट आहे हे त्याला माहीत नाही.

"E20 मुळं किती कमी झालं?" हाही प्रश्न रोज येतो. E20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉल आपल्याकडं उसापासून होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरलेली आहे, मोटारींसाठी 6 ते 7. त्या हिशोबात ट्राईकच्या 14 चं साडेतेरा किंवा त्याहून थोडं कमी होईल. पण 14 चं 10 झालं असेल तर उसाला दोष देऊ नका, एअर फिल्टर बघा. निम्म्या जिल्ह्याचं घर उसावर चालतं आपल्या!

कागल ओलांडून कर्नाटकात भरायला जाणाऱ्यांसाठी एवढंच. शहरातनं जाऊन-येऊन 40 किलोमीटर, ट्राईकचे जवळपास तीन लिटर. दर लिटरमागे तीन रुपयांनी कमी मिळाला तरी 20 लिटरला साठ रुपये वाचणार. तीन लिटरचे किती होतात ते तुम्हीच लावा. निपाणीला कामच असेल तर मात्र जरूर भरा.

शेवटचा प्रश्न, "ट्राईकला मागं एवढी मोठी डिकी आहे, पाच लिटरचा कॅन ठेवला तर?" नको. बंद डिकीत वाफ साठते, तिथंच लाइटची वायरिंग असते. कुठल्या लेखात वाचून नाही, स्वतःच्या नाकानं सांगतो, झाकण घट्ट असलेला कॅनसुद्धा उन्हात वास मारायला लागतो. त्यापेक्षा अर्धी टाकी झाली की पंप शोधा. रिव्हर्स गिअरचा व्हिडिओ पुढच्या रविवारी, आणि तोपर्यंत खाली ॲव्हरेज लिहिणार असाल तर लिटर दुसऱ्या पावतीवरचे लिहा.