प्राणवायूची शेवटची पायरी

नमस्कार श्रोतेहो.

द्राक्षबागेत पिठ्या ढेकणाचा उपद्रव वाढला की दिंडोरी-निफाडकडचे काही बागाईतदार फवारणीत खनिज तेल वापरतात. हे तेल किडीला विषासारखे बाधते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचा पातळ थर किडीच्या अंगावर बसतो, तिच्या शरीरावरची बारीक छिद्रे बुजतात आणि ती गुदमरते. नाकाशी काहीही न करता कीड कशी गुदमरते, या प्रश्नापासून आजच्या विषयाला, म्हणजे प्राणवायू शरीरात कसा शिरतो याला, सुरुवात करता येईल.

कीटक नाकाने किंवा तोंडाने श्वास घेत नाहीत. त्यांच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रे असतात. झुरळाला अशा 10 जोड्या असतात, त्यांपैकी दोन वक्षावर आणि आठ उदरावर. डोके तुटलेले झुरळही कित्येक दिवस जिवंत राहू शकते, त्यामागे हे एक कारण आहे. रंध्रांतून आत शिरलेली हवा नलिकांच्या जाळ्यातून पुढे जाते. या नलिकांना फाटे फुटत जातात आणि शेवटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद होऊन त्या थेट पेशींना जाऊन भिडतात. प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्ताकडे नसल्यामुळे बहुतेक कीटकांच्या रक्तात लाल रंगद्रव्य नसते. डास मारल्यावर तळहाताला लागणारे लाल रक्त डासाचे नसते, बहुधा आपलेच असते.

ही व्यवस्था चालते, कारण प्राणवायू पाण्यापेक्षा हवेत सुमारे 10,000 पट वेगाने पसरतो. वायूच्या अशा आपोआप पसरण्याला विसरण म्हणतात. मात्र विसरणाची एक अडचण आहे. अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो, आणि दसपट झाले की शंभरपट. लहान शरीराला हे परवडते. नाकतोडा बसलेला असताना त्याचे पोट सारखे खालीवर होताना दिसते, ते नलिकांतली हवा हलती ठेवण्यासाठी, कारण एवढ्या शरीराला नुसत्या विसरणावर विसंबून भागत नाही.

माशाची परिस्थिती याहून कठीण आहे. एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर प्राणवायू असतो, तर 25 अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम सहा मिलिलिटर विरघळलेला असतो. शिवाय पाणी हवेच्या सुमारे 800 पट जड. एवढे जड पाणी आत ओढायचे आणि त्याच वाटेने परत बाहेर ढकलायचे, तर मिळकतीपेक्षा खर्चच अधिक व्हावा. म्हणून माशाकडे पाण्याची वाट एकेरी आहे: पाणी तोंडाने आत येते, कल्ल्यांवरून वाहते आणि कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर पडते. बाजारात आपण झाकण उचलून कल्ला लालभडक आहे ना, ते पाहून मासळीचा ताजेपणा ठरवतो. ती लाली अतिशय पातळ पापुद्र्यांमधून खेळणाऱ्या रक्ताची असते.

या पापुद्र्यांतली खरी करामत प्रवाहांच्या दिशेत आहे. पाणी ज्या दिशेने वाहते, त्याच्या नेमक्या उलट दिशेने रक्त वाहते. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने गेले असते, तर पाण्यातला प्राणवायू कमी होत आणि रक्तातला वाढत दोघे मध्यावर कुठेतरी सारखे झाले असते आणि देवाणघेवाण तिथेच थांबली असती. दिशा उलट असल्यामुळे प्राणवायू संपत आलेले रक्त आधी जवळजवळ निथळलेल्या पाण्याला भेटते. त्या पाण्यातही रक्तापेक्षा थोडा अधिक प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून तो रक्तात येतो. रक्त जसजसे पुढे सरकते, तसतसे त्याला अधिकाधिक ताजे पाणी मिळत जाते. या रचनेच्या बळावर काही मासे पाण्यातला सुमारे 80 टक्के प्राणवायू काढून घेऊ शकतात. आपण आत घेतलेल्या हवेत तो 21 टक्के असतो आणि सोडलेल्या हवेत सुमारे 16 टक्के. म्हणजे जेमतेम पाव हिस्सा आपण वापरतो. या एका बाबतीत मासा आपल्यापेक्षा कितीतरी काटकसरी आहे, असे मला तरी वाटते.

उन्हाळ्यात ही काटकसरही अपुरी पडते. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात 14.6 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशाला हा आकडा 7.5 वर येतो. गोदावरीच्या संथ पट्ट्यात पाणवेलींनी पाणी झाकले, तर हवेतून होणारी भरही घटते. रात्री वनस्पतींकडून प्राणवायूची निर्मिती होत नाही, पण पाण्यातले सारे जीव तो वापरत राहतात. त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो आणि मासे तोंड वर काढून धडपडताना दिसतात. मरळ मात्र सरळ हवाच घेते. हवेत प्राणवायू मुबलक असूनही इतर बहुतेक मासे तिथे मरतात, कारण पाण्याचा आधार गेला की पापुद्रे एकमेकांना चिकटतात.

आपल्या फुप्फुसांत सुमारे 48 कोटी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्याशा पिशव्या, असतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग साधारण 70 चौरस मीटर भरतो. विश्रांतीच्या वेळी रक्त वायुकोशाभोवतीच्या केशवाहिनीत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिनीत, जेमतेम पाऊण सेकंद थांबते, आणि प्राणवायूने भरून निघायला त्याला त्याचाही सुमारे तिसरा हिस्साच पुरतो.

हे इतके झटपट कसे घडते, यावर एकेकाळी मोठा वाद होता. कोपनहेगनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिस्तियन बोर यांचे मत असे होते की, फुप्फुस एखाद्या ग्रंथीप्रमाणे प्राणवायू स्वतः रक्तात सोडते. त्यांचेच सहायक राहिलेले ऑगस्ट क्रोघ आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मेरी यांनी 1910 मध्ये काटेकोर मोजमापे मांडून दाखवले की, नुसते विसरण पुरेसे आहे. गुरूच्या विरोधात उभे राहताना क्रोघ यांना संकोच वाटला असेल, पण आकडे त्यांच्या बाजूने होते. पुढे 1920 मध्ये त्यांनी कीटकांच्या नलिकांचेही असेच गणित मांडले, आणि त्याच वर्षी केशवाहिन्यांवरील कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. किडीची नलिका असो, माशाचा कल्ला असो की आपला वायुकोश, शेवटची पायरी प्राणवायू ओल्या पातळ पडद्यातून आपोआपच ओलांडतो. शरीर पडदा पातळ ठेवते आणि दोन्ही बाजूंना हवा, पाणी किंवा रक्त बदलत राहते.

कार्बन डायऑक्साइड याच पडद्यातून उलट दिशेने बाहेर पडतो आणि श्वास घेण्याची ओढ मुख्यतः त्याच्यामुळे लागते. म्हणून रामकुंडाच्या परिसरात सूर मारण्याआधी भराभर खोल श्वास घेणाऱ्या मुलांना थांबवायला हवे. अशा श्वासांनी रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण ते आधीच जवळजवळ भरलेले असते. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप घटतो. मग पाण्याखाली प्राणवायू संपत आला तरी दम कोंडल्याची जाणीव होत नाही आणि पोहणाऱ्याची शुद्ध पाण्यातच हरपू शकते.

नमस्कार.