एक फाइल, तीन सभा

मित्रहो, पाणलोटाचे काम करणाऱ्या आपल्या सर्वांना एकच विषय निरनिराळ्या लोकांसमोर मांडावा लागतो. ग्रामसभेत गावकरी असतात, तालुक्याच्या बैठकीत अभियंते आणि अधिकारी असतात, तर शाळेत मुले असतात. बहुतेक कार्यकर्ते त्यासाठी पॉवरपॉइंटच्या तीन वेगळ्या फाइली करून ठेवतात. पुढे एखाद्या नालाबांधाची जागा बदलली की नकाशाची दुरुस्ती एका फाइलीत होते, उरलेल्या दोन तशाच राहतात, आणि एकाच गावाचे दोन नकाशे लोकांसमोर जातात. लोकांचा विश्वास ज्या नकाशावर उभा करायचा, त्याच्याच बाबतीत असे घडणे मला फार गंभीर वाटते.

याला उपाय पॉवरपॉइंटमध्येच आहे. ‘स्लाइड शो’ या टॅबवर ‘कस्टम स्लाइड शो’ अशी सोय असून तिथे नवा शो तयार करताना मूळ फाइलीतल्या हव्या त्या स्लाइड निवडता येतात, त्यांचा क्रम बदलता येतो आणि शोला ‘ग्रामसभा’, ‘तालुका’ असे नाव देता येते. अभियंत्यांना खर्चाचा तक्ता आधी हवा असतो, तर गावकऱ्यांना आधी आपले शिवार पाहायचे असते. दोघांचा क्रम एकाच फाइलीत राहतो. ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये त्या दिवशीचा शो निवडून ठेवला की एफ ५ दाबताच तोच सुरू होतो. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्येही अशी सोय आहे.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कस्टम शोमध्ये स्लाइडची प्रत निघत नाही, केवळ तिची निवड नोंदवली जाते. म्हणूनच नकाशा एकदा दुरुस्त केला की तिन्ही सभांसाठी दुरुस्त होतो. पण स्लाइडखाली लिहिलेली वक्त्याची टिपणेही तिन्ही ठिकाणी तीच राहतात. ग्रामसभेसाठी लिहिलेले ‘इथे वरच्या वस्तीचा प्रश्न काढा’ हे टिपण तालुक्याच्या बैठकीतही वक्त्याच्या पडद्यावर येणार, हे गृहीत धरूनच टिपणे लिहावीत.

आता पेनाविषयी, कारण माझ्या मते सादरीकरणाचा खरा जीव तिथे आहे. शो चालू असताना कंट्रोल आणि पी दाबले की माउसचा पेन होतो. समजा, पडद्यावर समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा आहे. आपण बाण आणि ओढे आधीच काढून आणले, तर लोक ते पाहून मान डोलावतात आणि पुढच्या स्लाइडची वाट पाहतात. त्याऐवजी कोरा नकाशा दाखवून “माथ्यावर पडलेले पाणी कुठून उतरते?” असे विचारावे. कोणी म्हणते, देवळामागून. दुसरे म्हणते, नाही, तिथे बांध घातल्यापासून ते डावीकडे वळते. तसतशी रेघ सावकाश ओढत जावी. ती समोच्च रेषांना काटकोनात छेदत खाली येते, हे लोकांच्या डोळ्यांदेखत घडते, आणि सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीवरून जाणारे पाणी अडवायचे लांब चर, त्या रेघेला आडवे का खणायचे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पांढऱ्या नकाशावर लाल किंवा निळा रंग उठून दिसतो, उपग्रहाच्या गडद चित्रावर पिवळा घ्यावा. पेन चालू असताना माउसच्या क्लिकने स्लाइड पुढे सरकत नाही. त्यासाठी कीबोर्डवरचा बाण वापरावा. रेघा पुसायच्या असतील तर ई दाबावे, आणि कंट्रोल व ए दाबून नेहमीचा बाण परत आणावा.

शो संपताना या रेघा ठेवायच्या की टाकून द्यायच्या, असा प्रश्न पॉवरपॉइंट विचारते. घाईत ‘कीप’ (ठेवा) दाबले की त्या रेघा स्लाइडवर आकृती म्हणून बसतात, आणि स्लाइड सामाईक असल्यामुळे ग्रामसभेतल्या रेघा दुसऱ्या दिवशी शाळेतही उमटतात. पण गावकऱ्यांनी दाखवलेला ओढा किंवा बुजलेली विहीर ही मोलाची माहिती असते, ती टाकून देणे योग्य नाही. त्यासाठी सभेपूर्वीच गावाचे नाव आणि तारीख घालून फाइलीची एक प्रत करावी, शो त्या प्रतीतून चालवावा आणि रेघा तिच्यातच ठेवाव्यात. पुढे शिवारफेरीत ती माहिती पडताळून जेवढी खरी ठरेल, तेवढीच मूळ नकाशात उतरवावी आणि ती प्रत त्या सभेची नोंद म्हणून जपून ठेवावी.