वाफेवाटे जाणारे तेल : नाशिकमध्ये बांधलेला एक ऑइल कॅच कॅन

पडद्यावर दिसणारी ही रबरी नळी एका बारा वर्षे जुन्या डिझेल मोटारीची असून ती टर्बोचार्जरपासून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून) इंटरकूलरपर्यंत (ती तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंत) जाते. या नळीतून केवळ हवा वाहते असा आपला समज असतो. परंतु पांढऱ्या सुती कापडाची घडी तिच्या तोंडातून एकदा फिरवली, की कापडावर काळसर, बोटाला चिकटणारा थर उमटतो. हे इंजिनाचे तेल आहे आणि ते वाफेच्या सोबतीने येथपर्यंत पोहोचले आहे. मोटार माझी आहे, नाशिकमध्ये चालते, महिन्यातून दोनदा कसारा घाट उतरून चढते, आणि हे तेल वाटेतच अडवता येईल का, या प्रश्नापासून या चित्रफितीची सुरुवात झाली. ऑइल कॅच कॅन म्हणजे ते तेल वायूपासून वेगळे करून साठवणारा डबा.

इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट पिस्टनच्या रिंगा बंद करतात, पण पूर्णपणे नाही. रिंग तापली की फुगते, म्हणून तिच्या दोन टोकांमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी जागा मुद्दाम सोडलेली असते. ज्वलनाच्या क्षणी दाब प्रचंड वाढतो आणि जळालेल्या वायूचा थोडासा भाग त्या जागेतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत, उतरतो. मेकॅनिक मंडळी त्याला ब्लो-बाय म्हणतात. नव्याकोऱ्या, निर्दोष इंजिनातही तो असतो. खाली क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, मिनिटाला हजारो फेरे घेत तेल घुसळत असतो, त्यामुळे या वायूत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब मिसळतात. त्यात पाण्याची वाफही असते, आणि ती किती, याची कल्पना सहसा नसते. एक लिटर इंधन जळताना वाफेच्या रूपात सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर पडते; थोडे रिंगांच्या वाटेने खाली जाते.

हा वायू क्रँककेसमध्ये कोंडून ठेवता येत नाही, कारण दाब वाढला की तो ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलतो. पूर्वीच्या मोटारींमध्ये एक उघडी नळी खाली रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे आणि सगळा धूर त्या नळीतून मोकळ्या हवेत जाई. कॅलिफोर्नियातील धुरक्याचा अभ्यास होऊ लागल्यावर ही नळी प्रदूषणाचा एक मोठा स्रोत असल्याचे लक्षात आले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो वायू पुन्हा इंजिनाच्या श्वासात वळवून जाळून टाकण्याची पद्धत रूढ होत गेली. हवेच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तमच आहे. अडचण एवढीच, की वायूबरोबर तेलही इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरण्याच्या, वाटेवर येते.

या तेलाने कोणत्या इंजिनाचे नुकसान होते, हे डबा बांधण्याआधी प्रत्येकाने तपासून पाहायला हवे, आणि या बाबतीत मला स्पष्ट बोलायचे आहे. ज्या पेट्रोल इंजिनात इंधन व्हॉल्व्हच्या अलीकडे, इनटेक पोर्टमध्ये फवारले जाते, तेथे पेट्रोलच इनटेक व्हॉल्व्ह धुऊन काढते. अशा इंजिनाला या डब्याचा लाभ फारच थोडा, आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य छोट्या पेट्रोल मोटारी याच प्रकारच्या आहेत. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या पेट्रोल इंजिनात मात्र व्हॉल्व्हला तशी अंघोळ मिळत नाही, त्यामुळे तेलाचा थर तेथेच भाजून कार्बन होतो. टर्बो डिझेलमध्ये आणखी एका गोष्टीची भर पडते. ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इनटेकमध्ये आणतो, त्यातली काजळी या तेलावर बसते, आणि दोघांचे मिळून डांबरासारखे किटण इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींवर चढत जाते. माझ्या मोटारीचा मॅनिफोल्ड उघडला तेव्हा हवेची वाट बोटभर अरुंद झालेली होती.

आणखी एक चाचणी कामाआधीच करावी. इंजिन गरम झाल्यावर, ते मंद चालू असताना, तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. हलकी वाफ दिसली तर काळजीचे कारण नाही. भकाभका धूर येत असेल, झाकण उडू पाहत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. त्यावर कोणताही डबा उपाय नव्हे, आणि त्या इंजिनाला कॅच कॅन लावणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय.

डब्याचे तत्त्व साधे आहे. वायू वेगाने जात असतो तोवर तेलाचे सूक्ष्म थेंब त्याच्यासोबत तरंगत राहतात; वेग कमी झाला, दिशा एकदम वळली आणि मध्ये थंड धातूचा पृष्ठभाग आला, की ते एकमेकांना मिळतात, जड होतात आणि खाली निथळतात. माझ्या मोटारीच्या ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर नेणाऱ्या, नळीचा आतला व्यास १६ मिलिमीटर आहे. डबा ८० मिलिमीटर व्यासाचा घेतला, तर व्यास पाचपट आणि क्षेत्रफळ पंचवीसपट होते. म्हणजे तोच वायू डब्यात शिरताच त्याची सरासरी गती पंचविसाव्या हिश्शावर येते. यापुढची सारी कारागिरी या एका हिशेबासाठी आहे.

नाशिकमध्ये अशा कामाला माणसे शोधावी लागत नाहीत. सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहतींनी या शहराला मोटारीचे सुटे भाग घडवणारे हात दिले आहेत. महिंद्राच्या मोटारी येथे बनतात, बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे नोझल घडतात, आणि त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये लेथ दिवसरात्र फिरत असतात. आमच्या शेजारी राहणारे काका अशाच एका शेडमधून टर्नर म्हणून निवृत्त झाले. कागदावर मी काढलेले चित्र त्यांनी शांतपणे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा डबा उघडणार कसा? आत साफ कसं करशील?" चित्रात मी सगळीकडून वेल्डिंग दाखवले होते. त्या प्रश्नाने आराखडा बदलला.

माझा पहिला विचार भांडी बाजारातून झाकणाचा स्टीलचा डबा आणण्याचा होता. पत्रा इतका पातळ असतो, की वेल्डिंगची ज्योत लागताच त्याला भोक पडते, आणि त्याचे झाकण हवाबंद होत नाही. तो नाद सोडला. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाइपचा १५० मिलिमीटर उंचीचा तुकडा घेतला, ज्यात सुमारे साडेसातशे मिलिलिटर द्रव मावतो. तळाला गोल चकती आर्गॉन वेल्डिंगने जोडली. वरच्या टोकाला कडे वेल्ड करून त्यात सहा बोल्टसाठी आटे पाडले, आणि झाकणाच्या खालच्या बाजूला काकांनी लेथवर ओ-रिंगसाठी खाच काढली. ओ-रिंग नायट्राइल रबराची आहे, कारण साधे रबर गरम तेलात फुगते आणि मऊ पडते.

आत येणारी नळी झाकणातून खाली डब्याच्या मध्यापर्यंत उतरते, आणि बाहेर जाणारी नळी झाकणाच्या अगदी पृष्ठभागाशी संपते. त्यामुळे वायूला खाली जाऊन पुन्हा वर वळावे लागते. वळून वर येताना तो स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या गुंडाळ्यातून जातो. भांडी घासायच्या चमकदार घासणीची तार येथे चालते. लाकूड घासायला वापरतात ती बारीक लोखंडी लोकर मात्र मुळीच घालू नये, कारण ती गंजते आणि तिचे तंतू सुटतात. सुटलेला एक तंतू कुठे जाईल याचा विचार करावा. डब्यानंतरची नळी थेट टर्बोच्या तोंडाशी जाते, आणि टर्बोचे पाते मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेत असते. म्हणून तारेच्या गुंडाळ्याच्या खाली आणि वर, दोन्ही बाजूंना, बारीक भोकांची चाळणी बसवून ती स्क्रूने कसली आहे. याच कारणाने, सगळे काम झाल्यावर डबा रॉकेलने तीनदा धुतला, साबणाच्या पाण्याने धुतला, हवा मारली आणि आतून पांढरे कापड फिरवून बुराद्याचा एकही कण उरलेला नाही याची खात्री केली. या एका कामाला अख्खी दुपार गेली आणि ती जायलाच हवी होती.

तळाच्या वर तीन बोटांवर आणखी एक आडवी चाळणी आहे. कसारा घाटाच्या वळणांवर साठलेले तेल हिंदकळून वर उडू नये आणि पुन्हा वायूच्या वाटेला लागू नये, एवढेच तिचे काम. तळाला पाव इंची बॉल व्हॉल्व्ह बसवला, त्याची मूठ काढून ठेवली आणि तोंडाला प्लग लावला, म्हणजे हादऱ्यांनी तो आपोआप उघडणार नाही.

एका चुकीची नोंद येथे करतो. नाशिक आणि निफाड परिसरात द्राक्षबागांच्या फवारणीचे सामान विकणारी दुकाने जागोजागी आहेत, तेथे पितळी निपल आणि क्लिपा उत्तम मिळतात, आणि तेथूनच मी फवारणीची नळीही घेतली. ती नळी पाण्यासाठी आणि औषधासाठी बनवलेली असते. गरम तेलाची वाफ लागताच काही आठवड्यांत ती कडक झाली आणि निपलवर सैल पडली. आता लावलेली नळी तेल सोसणाऱ्या नायट्राइल अस्तराची, आतून कापडी धाग्यांनी बळकट केलेली आणि मूळ नळीएवढ्याच व्यासाची आहे. व्यास कमी करणे ही गंभीर चूक ठरते, कारण अरुंद झालेल्या वाटेमागे क्रँककेसचा दाब वाढतो. पेट्रोल मोटारीत आणखी एक काळजी घ्यावी लागते: तेथे मंद गतीला इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते, मऊ नळी आत पिचकते, आणि कोठेही हवा शिरली तर सेन्सरने न मोजलेली ती हवा इंजिनाची मंद गती बिघडवते.

म्हणून हवाबंदपणाची परीक्षा मोटारीत बसवण्याआधी घेतली. एक तोंड बंद केले, दुसऱ्याला सायकलचा पंप जोडला, डबा पाण्याच्या बादलीत बुडवला आणि अगदी हलका दाब दिला. आत येणाऱ्या नळीच्या वेल्डिंगपाशी बुडबुड्यांची बारीक माळ दिसली. काकांनी डबा उचलून पाहिला, म्हणाले, "एवढं पुन्हा मारून आण," आणि दुसऱ्या दिवशी बादलीतले पाणी स्तब्ध राहिले.

डबा बसवण्यासाठी एक्झॉस्टपासून दूर, हेडलाइटमागची जागा निवडली. जागा जितकी थंड तितके तेल आणि पाणी अधिक निथळते. इंजिन हलते आणि बॉडी वेगळी हलते, म्हणून कंस बॉडीला रबरी बुशांवर कसला आणि नळ्यांना थोडा ढिलेपणा दिला. मात्र कोठेही झोळ राहू दिला नाही, कारण झोळात तेल साचून वाट बंद होते. बाहेर जाणारी नळी मूळ जागी, टर्बोच्या आधीच्या पाइपलाच जोडलेली आहे. ती मोकळ्या हवेत सोडून देण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मी मानला नाही. जो धूर जाळण्यासाठी ही बंद व्यवस्था निर्माण झाली, तो आपल्या गल्लीतल्या माणसांच्या नाकाशी सोडणे मला मान्य नाही. वॉरंटीतल्या मोटारीला तर हा बदल करण्याआधी उत्पादकाच्या अटी वाचाव्यात.

पावसाळ्याच्या अखेरीस, हजार किलोमीटर झाल्यावर, व्हॉल्व्ह पहिल्यांदा उघडला. अर्ध्या वाटीहून कमी, काळे, इंधनाचा उग्र वास असलेले पातळ तेल निघाले. डिसेंबरात दृश्य बदलले. नाशिकचा पारा दहा अंशांखाली उतरतो त्या दिवसांत, सकाळच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, वाफेचे पाणी होते, आणि डब्यातून दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा दाट फेस निघाला. असा फेस पाहून शीतकाचे पाणी तेलात उतरले की काय, अशी शंका येते. आधी रेडिएटरच्या टाकीतली पातळी पाहावी आणि डिपस्टिकवरचे तेल पाहावे. दोन्ही ठीक असतील, तर तो केवळ थंडीचा परिणाम समजावा.

उन्हाळ्यात हजार किलोमीटरला आणि हिवाळ्यात पाचशेला डबा रिकामा करण्याचा नेम मी ठेवला आहे. हा नेम टळला तर डबा नसलेला बरा. काठोकाठ भरलेला डबा तेलाचा घोट एकदम इनटेकमध्ये सोडू शकतो, आणि डिझेल इंजिन ते तेलच इंधन म्हणून जाळू लागले, तर किल्ली फिरवूनही ते थांबत नाही.

निघालेला द्रव पुन्हा इंजिनात ओतायचा नसतो, कारण त्यात पाणी, आम्ले आणि न जळलेले इंधन असते. तो गटारातही जाता कामा नये. सातपूर-अंबडच्या बाजूने वाहणारी नंदिनी, जिला जुनी माणसे नासर्डी म्हणतात, शेवटी गोदावरीलाच मिळते. माझ्याकडे तो झाकणाच्या बाटलीत साठतो आणि सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजमधल्या जळक्या तेलाच्या पिंपात जातो. डब्याच्या झाकणावर दर खेपेची तारीख आणि किलोमीटर खडूने लिहिलेले आहेत, आणि मूळ ब्रीदरची नळी, तिच्या दोन्ही क्लिपांसह, कापडात गुंडाळून डिकीत ठेवलेली आहे.