सराफा ते पहाटेचे सहा : टाइप वन डायबिटीस आणि झोप

(दृश्य : इंदूरचा सराफा, रात्रीचे साडेअकरा. कढया, पाक, गर्दी.)

दिवसा इथे सोन्याचा काटा चालतो. पेढ्यांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. हा गराडू कंद बघा. एकदा तळून ठेवलेला, आता दुसऱ्यांदा तेलात, वर जिरावण मसाला आणि लिंबू. शेजारी पाकातून निघतोय तो जलेबा, म्हणजे मोठाली जिलबी. टाइप वन, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही तो डायबिटीस, असलेल्या इंदूरकरानं सराफा सोडावा असं आम्ही म्हणत नाही. घड्याळ मात्र बघावं.

जेवताना घेतलेलं रॅपिड इन्सुलिन तास-दोन तासांत पूर्ण जोरात येतं आणि चार-पाच तासांत ओसरतं. तळणीतल्या तेलामुळे पोट मात्र सावकाश रिकामं होतं. म्हणजे साडेअकराचा डोस एक वाजता जोरावर, आणि गराडू अजून पोटातच. शुगर आधी खाली जाते, मग दोन-तीनच्या सुमारास चढते. १८०-२०० च्या वर गेली की मूत्रपिंडं साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि माणूस रात्रीतून दोन-तीनदा उठतो. झोप इथेच मोडते. त्यात कुणी दोन-अडीचला २८० बघून घाईनं करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, टोचला, तर आधीचं इन्सुलिन अंगात असतानाच दुसरं त्यावर चढतं आणि पहाटे शुगर कोसळते. सराफ्यात जायचंच तर नऊ-साडेनऊला जावं. झोपायच्या वेळी त्या डोसचा भर तरी उतरलेला असतो.

आपल्याकडे पुष्कळ घरांत, परवडतं म्हणून, रेग्युलर आणि एनपीएच (मध्यम काळ टिकणारं) ही जुनी इन्सुलिनं चालतात. आठ वाजता जेवणासोबत घेतलेल्या एनपीएचचा जोर बरोबर मध्यरात्रीनंतर येतो. रात्री वारंवार लो होत असेल, म्हणजे शुगर ७० च्या खाली जात असेल, तर तो डोस झोपताना घ्यावा का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

(दृश्य : लोकमान्यनगरातलं घर. दंडावर सेन्सर.)

दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा सेन्सर. आतला बारीक तंतू रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. आता सेन्सर लावलेल्या ताई त्याच कुशीवर वळल्या. दंड दबला, तिथला प्रवाह कमी झाला आणि मोबाइलवरची रेघ सरळ खाली : ११०, ८०, ५८. अलार्म. कूस बदलली की पंधरा-वीस मिनिटांत रेघ परत वर. ही लो खोटी असते. ओळखायची खूण म्हणजे डोंगरकड्यासारखी उतरण, आणि तशीच चढण. तरी अंदाजावर विसंबू नका, बोट टोचून बघा. हात धुऊन, कारण बोटाला लागलेला पाक आकडा फुगवतो. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर, ज्या कुशीवर कमी झोपता त्या बाजूला.

अलार्मांबद्दल आमचं मत ठाम आहे : खालचा ७० वर चालू ठेवा, वरचा रात्रीपुरता २५० वर न्या. १८० वर लावलेला अलार्म रात्रीतून चारदा उठवतो, आणि वैतागलेला माणूस शेवटी सगळेच अलार्म बंद करतो.

(दृश्य : उशाजवळचं स्टूल. मीटर, पाणी, ग्लुकोजची पुडी.)

झोपेत शरीराची धोक्याची घंटा मंद वाजते. घामानं भिजलेली उशी, वाईट स्वप्नं, सकाळची डोकेदुखी या रात्रीच्या लो च्या खुणा. ७० च्या खाली १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा सपाट तीन-चार चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा नको, त्यातलं तूप साखरेला उशीर करतं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ लावा. संध्याकाळी जोरात व्यायाम झाला असेल किंवा दारू घेतली असेल, तर ती रात्र जास्त जपायची.

(दृश्य : भिंतीवरचं घड्याळ, वहीतले चार आकडे.)

झोपताना १३० आणि उठल्यावर २२०, असं रोज होत असेल तर एक रात्र मोजून काढावी. जेवण सातला, हलकं. त्यानंतर खाणं नाही, करेक्शन नाही. मग अकरा, एक, तीन, सहा असे चार आकडे लिहायचे. ७० च्या खाली किंवा २५० च्या वर गेलं तर मोजणी तिथेच थांबवून उपाय करायचा. रात्रभरातला फरक ३० च्या आत राहिला तर बेसल, म्हणजे रात्रंदिवस संथ चालणाऱ्या इन्सुलिनचा, डोस ठीक. तीनपर्यंत सपाट आणि मग चढ, तर ती पहाटेच्या हार्मोनांची करामत. अकरापासूनच चढत गेलं तर बेसल अपुरं पडतंय. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून नुसत्या सकाळच्या एका आकड्यावर डोस वाढवणं धोक्याचं.

अपुऱ्या झोपेचा फटका स्वतंत्र आहे. नेदरलँड्समधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप वनच्या सात जणांना एक रात्र चारच तास झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी झालेला दिसला. एवढ्या एका रात्रीनं! मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, आणि झोपायची वेळ शनिवार-रविवारीही फार हलू नये. शुगर चढलेलीच राहून अशी वर्षं निघून गेली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा यांना इजा होते.

(दृश्य : सकाळ. पोह्यांची गाडी, वाफ.)

पोहे-जिलबीच्या रांगेत उभं राहण्याआधी रात्रीचे आकडे वहीत उतरवा. शेजारी तीन गोष्टींच्या वेळा लिहा : शेवटचा घास, बेसलचा डोस, दिवा मालवणं. ओपीडीत डॉक्टर शुगरची तीन महिन्यांची सरासरी बघतात, झोपेबद्दल क्वचित विचारतात. त्यांनी विचारलं नाही तरी वहीचं ते पान आधी समोर ठेवा आणि डोस त्यांच्याशी बोलूनच बदला. झोपेत जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर तेही त्याच पानावर लिहा.