रविवार आणि खाडा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या आजोबांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, खाडा. वाळवा तालुक्यातल्या गावातून ते परळच्या एका गिरणीत गेले आणि साचेखात्यात, म्हणजे मागावर, लागले. आयुष्य तिथंच गेलं. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगारात कात्री. गावी परत आल्यावरही भजनाला कुणी चुकलं, की ते टाळ बाजूला ठेवून म्हणायचे, "आज तुझा खाडा रं." गिरणीचा शब्द असा थेट विठोबाच्या देवळात येऊन बसला होता.

आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून अशी माणसं गावोगावहून मुंबईला गेली. माण-खटावात, जत-आटपाडीत पावसाचा भरवसा नाही आणि सावकाराचा तगादा मात्र चुकत नाही. मग गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचं आणि महिन्याला मनीऑर्डर धाडायची.

पण आज मला रविवारच्या सुट्टीची गोष्ट सांगायची आहे, आणि त्यासाठी आजोबांच्याही आधीच्या काळाकडे जायचं आहे. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या तीस वर्षांत तिथं गिरण्यांची रांगच लागली. विजेचे दिवे यायचे होते, त्यामुळं काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे राबणंही मोठं, तेरा-चौदा तासांपर्यंत. १८८१ मध्ये पहिला कारखाने कायदा आला. त्यानं काय दिलं? सात वर्षांच्या आतलं पोर कामाला लावायचं नाही, आणि सात ते बारा वयाच्या पोराला नऊ तासांवर राबवायचं नाही. मोठ्या माणसाच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सात वर्षांचं पोर म्हणजे आपल्याकडं दुसरीतलं, हे जाता जाता सांगतो.

या सगळ्यात एक माणूस उभा राहिला, नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. फुल्यांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्याजवळचं नायगाव, तेव्हा या चळवळीची नाळ आपल्याच मातीत पुरलेली आहे. लोखंडे स्वतः मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. ती नोकरी सोडून १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र मुंबईत चालवायला घेतलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली.

त्या अर्जातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणाच मनाला लागतो. आठवड्यातून एक पूर्ण दिवस विश्रांती. दुपारी अर्धा तास जेवायला. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रात हात गेला तर बरा होईपर्यंत पगार. जेवायला अर्धा तास मिळावा म्हणून अर्ज करावा लागत होता, श्रोतेहो!

सुट्टी रविवारचीच का? रविवार हा खंडोबाचा वार, आणि आमचा कामगार खंडोबाचा भक्त, असं लोखंडे यांनी मांडल्याचं सांगतात. पाली-जेजुरीच्या यळकोटाला गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. साहेबाचा चर्चचा दिवस आणि आपला भंडाऱ्याचा दिवस एकच निघाला, ही सोय त्यांनी बरोबर हेरली, असं मला वाटतं. सुधारक नुसता तळमळीचा असून भागत नाही, तो थोडा वकीलही लागतो.

या गोष्टीला एक अवघड बाजूही आहे. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायद्याचा लगाम यावा, असं इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही वाटत होतं. त्यांना आपल्या पोरांची कणव नव्हती, आपल्या स्वस्त कापडाची धास्ती होती. म्हणून आपल्याकडची राष्ट्रवादी वर्तमानपत्रं या कायद्यांकडं संशयानं बघायची, देशी धंदा बुडवण्याचा डाव म्हणायची. त्यांचा संशय खोटा नव्हता, पण त्या संशयापायी गिरणीतल्या माणसाचं राबणं काही कमी होत नव्हतं. लोखंडे यांनी दोन्ही गोष्टी जाणून कामगाराची बाजू धरली, आणि त्यांचं मोठेपण मला इथंच जास्त दिसतं.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायका उठून बोलल्या. एकशे तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि आपल्या कितीतरी ग्रामसभांत अजून सरपंचबाईंचं भाषण त्यांचे मालक करतात, असो. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

या रविवारचं लोकांनी काय केलं? तालमी केल्या, भजनं केली, पत्र लिहून घेतलं, सभेला गेले. मोकळा दिवस मिळाल्याशिवाय चळवळ उभी राहत नाही. गावाकडं सत्यशोधकी जलसे रंगले. ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातला भाऊराव नावाचा तरुण त्याच हवेत वाढला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकत तो गावोगाव फिरला. लोखंडानं जमिनीला विष लागतं, असं तेव्हा शेतकरी म्हणायचे. नांगर खपवता खपवता भाऊरावांनी खेड्यातलं अडाणीपण जवळून बघितलं आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर चालत मुंबईला गेले, तेही याच गिरणगावच्या वाटेनं. त्यांच्यावर वेगळं भाषण व्हायला हवं, आज वेळ पुरणार नाही.

आजोबांचा शब्द मी बऱ्याच वर्षांनी परत ऐकला तो आपल्याच उसाच्या फडात. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस कामाला नाही गेलं की खाडा. मजुरी जातेच, वर दंड बसतो. पाळीच्या दिवसांतही बाई फडात असते, कारण खाडा परवडत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं साखर कारखान्यात, म्हणजे जिथं ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या आतल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी दिली. त्या गव्हाणीपर्यंत ऊस आणून टाकणारा माणूस मात्र मुकादमाचा, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं.

गेल्या हंगामात कराड-तासगाव रस्त्याला एका फडाच्या कडेला थांबलो होतो. एक बाई वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, पेंढी बांधत होती. मी विचारलं, "मावशी, सुट्टी कधी असते तुम्हाला?" ती हसली. म्हणाली, "आमाला कशाचा आलाय रविवार? कारखान्याची गव्हाण बंद पडली की त्यो आमचा रविवार." आणि तिनं पेंढी डोक्यावर घेतली.