चौदा

नमस्कार, श्रोतेहो.

एकतीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. दंडाला रबरी नळी बांधायची, ‘मूठ आवळा’ म्हणायचं, सुई टोचताना नातवंडांची चौकशी करायची. मग ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवली की लाल भाग तळाला बसतो आणि वर पिवळसर पाणी येतं. त्याला आम्ही सीरम म्हणतो. ते नितळ असावं. एका काकांचं एकदा अगदी दुधासारखं पांढरं आलं. विचारलं, उपाशीपोटी आलात ना? म्हणाले, ‘हो, कडकडीत. वाटेत फक्त दोन वडे.’

ते दूध म्हणजे ट्रायग्लिसराइड, रक्तातली एक चरबी. तो आजचा विषय नाही. आजचा विषय कोलेस्टेरॉल, आणि त्यातही एलडीएल, म्हणजे ज्याला लोक ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते. लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट घरी आला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बायको आधी आकडा बघते, मग नवऱ्याकडे बघते, मग फडताळातल्या तुपाच्या बरणीकडे बघते. त्या कागदाचा चारित्र्याचा दाखला होऊन बसतो. माझ्या मते तो निम्मा तरी जन्माचा दाखला आहे.

आमच्या टेकडीवर सकाळी दोघं येतात. एक निवृत्त शिक्षक, काडीसारखे. भाकरी, पालेभाजी, ताक, आणि सणाला एक पुरणपोळी, तीही निम्मी. दुसरे बांधकाम कंत्राटदार. रविवारी मटण, बुधवारी मासे, बाकीचे दिवस ‘जे असेल ते’. दोघांनी एकाच आठवड्यात रक्त तपासलं आणि रिपोर्ट शर्टाच्या खिशातून काढून कट्ट्यावर ठेवले. कंत्राटदारांचं एलडीएल ९४. मास्तरांचं २१२. मास्तरांनी कागदाची घडी पुन्हा घातली आणि हळूच विचारलं, ‘मी काय पाप केलं हो?’

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही काही केलं नाही. तुमच्या वडिलांबद्दल सांगा.

वडिलांचं पुढे सांगतो. आधी घंटागाडी.

आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, ताटातून येतं ते त्यामानाने कमी. रक्तातून फिरणारं एलडीएल उचलायचं काम लिव्हरचं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. त्यांना घंटागाड्या समजा. गाडी रक्तातून एलडीएल उचलते, पेशीत आत जाते, रिकामी होते आणि परत बाहेर येते. एका फेरीला सुमारे दहा मिनिटं लागतात, आणि एक गाडी तिच्या आयुष्यात शंभराहून जास्त फेऱ्या मारते. हे शोधणारे ब्राउन आणि गोल्डस्टाइन, अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसचे. त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. गाड्या किती आणि किती धडधाकट, हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. गाड्या कमी तर रस्त्यावर माल जास्त. एवढं लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीला लागेल. गाड्या कमी, माल जास्त.

आता ती गोष्ट. ही मी इतक्या वेळा सांगितली आहे की आमच्या घरी ‘चौदा’ म्हटलं तरी सगळे उठून जातात. तुम्ही बसा.

सुरुवात पॅरिसमध्ये. तिथे कॅथरीन बोआलो या संशोधक बाईंकडे काही फ्रेंच घराणी होती, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या एलडीएल खूप चढलेलं आणि तरुणपणीच हृदयविकार. गंमत अशी, की त्यांच्या घंटागाड्यांच्या जनुकात काहीच बिघाड नव्हता. मग माल साचतो कशाने? २००३ साली उत्तर मिळालं. दोष दुसऱ्याच एका जनुकात होता. नाव पीसीएसके-नाइन. त्याच्यावरून एक प्रथिन तयार होतं, आणि या प्रथिनाचं काम भंगारवाल्याचं. ते घंटागाडीला चिकटतं आणि गाडी परत बाहेर येण्याऐवजी मालासकट भंगारात जाते. फ्रेंच घराण्यांतला भंगारवाला जरा जास्तच कामसू होता. चांगल्या गाड्याही मोडीत काढत होता.

हे डॅलसमध्ये हेलेन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी वाचलं. त्याच संस्थेत, जिथे ब्राउन आणि गोल्डस्टाइन. त्यांनी उलटा प्रश्न विचारला, आणि मला या गोष्टीत हाच प्रश्न सगळ्यात आवडतो. भंगारवाला कामसू असला तर माणूस आजारी पडतो. मग भंगारवाला आळशी असला तर?

हा प्रश्न दवाखान्यात बसून सुटत नाही. आळशी भंगारवाल्याचा मालक दवाखान्यात येतोच कशाला? तो ठणठणीत असतो. दवाखान्यात कुरकुर करणारे भेटतात, ठणठणीत माणसाला शोधत घरी जावं लागतं. सुदैवाने डॅलसमध्ये ते झालेलं होतं. २००० साली तिथे मोठी पाहणी सुरू झाली होती. लोक घरोघर जाऊन माहिती घेत होते, रक्त घेत होते, आणि त्यात कृष्णवर्णीय लोक मुद्दाम निम्म्याच्या आसपास घेतले होते. जाता जाता सांगतो, घरोघर जाऊन रक्त घेणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. कुत्रं अंगावर येतं, आजी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, आणि ज्याचं रक्त हवं तो मागच्या दाराने निघून गेलेला असतो. शोधनिबंधात नाव मोठ्या शास्त्रज्ञांचं येतं. येऊ दे, पण सुई कुणीतरी टोचलेली असते.

तर, हजारो रक्तांमधून त्यांनी सगळ्यात कमी एलडीएलवाले निवडले. १२८ जण. त्यांच्या पीसीएसके-नाइन जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचलं. आणि सापडलं. काही जणांच्या जनुकात वाक्य मध्येच तुटलेलं होतं, म्हणजे भंगारवाला अर्धवटच तयार होत होता. हा फरक डॅलसच्या कृष्णवर्णीयांत शंभरात दोघांकडे होता, गोऱ्यांत जवळजवळ नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांचं एलडीएल सरासरी ४० टक्क्यांनी कमी. गोळी नाही, पथ्य नाही. जन्मतःच कमी. हे २००५ साली छापून आलं.

पण आकडा कमी असणं वेगळं आणि हृदय चांगलं असणं वेगळं. म्हणून त्यांनी दुसऱ्या एका जुन्या पाहणीतल्या लोकांकडे बघितलं, ज्यांच्यावर १५ वर्षं लक्ष ठेवलेलं होतं. मध्यम वयाचे कृष्णवर्णीय लोक. त्यातल्या बऱ्याच जणांना रक्तदाब, कुणाला मधुमेह, कुणी सिगारेट ओढणारे. म्हणजे काही साधुसंत नव्हते. ज्यांचं जनुक नेहमीसारखं, त्यांच्यात १५ वर्षांत शंभरातल्या दहा जणांना हृदयाच्या धमन्यांचा विकार झाला. ज्यांचं जनुक तुटलेलं, असे ८५ जण होते. त्यांतल्या किती जणांना झाला? एकाला. पुन्हा सांगतो. ८५ जणांत एकाला.

आणि या ८५ जणांचं एलडीएल इतरांपेक्षा फार नाही, सरासरी २८ टक्केच कमी होतं. मग एवढा फायदा का? कारण ते पाळण्यापासून कमी होतं. पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखं आहे हे. हप्ता लहान, पण पहिल्या महिन्यापासून न चुकता. आपण साठाव्या वर्षी जागे होऊन एकदम मोठी रक्कम भरायला धावतो.

आता चौदा. डॅलसच्या चमूने तुटलेलं जनुक सापडलेल्या लोकांच्या नातेवाइकांचं रक्त तपासायला घेतलं. त्यात एक ३२ वर्षांची बाई आली. शिकलेली, एरोबिक्स शिकवणारी, मूल झालेली, लिव्हर उत्तम, मूत्रपिंड उत्तम. तिला वडिलांकडून एक बिघडलेली प्रत आलेली होती आणि आईकडूनही एक बिघडलेली. दोन्ही प्रती बाद. रक्तात पीसीएसके-नाइन नावालाही नाही. गावात भंगारवालाच नाही. आणि तिचं एलडीएल होतं चौदा.

चौदा, श्रोतेहो. मास्तरांचं २१२, कंत्राटदारांचं ९४, आणि हिचं १४. माझ्या हातात असा आकडा आला असता तर मी तो रिपोर्टवर जाऊच दिला नसता. आधी मशीन पुन्हा चालवलं असतं, मग दुसरी ट्यूब मागवली असती, मग असिस्टंटवर ओरडलो असतो. लॅबमधलं एक गुपित सांगतो. एलडीएल कित्येक ठिकाणी थेट मोजतच नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वजा करतात, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात, उरलं ते एलडीएल. १९७२ सालचं फ्रीडेवाल्डचं सूत्र. फार कमी आकड्यांवर हे सूत्र अडखळतं, त्यामुळे मी वजाबाकीलाच दोष दिला असता आणि ती बाई माझ्या हातून निसटली असती. पुढे झिंबाब्वेत गरोदर बायकांच्या तपासणीत अशीच एक तरुणी सापडली, तिचं सोळाच्या आसपास. तीही ठणठणीत.

यावरून औषध कंपन्यांना जे कळायचं ते कळलं. हे प्रथिन अजिबात नसलं तरी माणूस मजेत जगतो, मग ते अडवलं तर? २०१५ साली अमेरिकेत अशा दोन इंजेक्शनांना परवानगी मिळाली. भंगारवाल्याला दारातच धरायचं, म्हणजे घंटागाड्या वाचतात.

माझ्याकडे आता थोडीच मिनिटं उरली आहेत, त्यामुळे बाकीचं भरभर. असे मोठे फरक थोड्यांकडे असतात. बाकी आपण सगळे चिल्लर सुट्ट्या पैशांवर आहोत. २०१० साली एक लाखाहून जास्त लोकांची जनुकं तपासून रक्तातल्या चरबीवर परिणाम करणाऱ्या ९५ जागा नोंदल्या, पुढे त्या शेकड्यांनी वाढल्या. एकेक जागा एलडीएल थोडंसं वर नाहीतर थोडंसं खाली करते. एपीओई नावाचं एक जनुक आहे, त्याचे तीन प्रकार, दोन, तीन आणि चार. आपल्यापैकी बहुतेकांकडे तीन. चार असेल तर एलडीएल जरा वर, दोन असेल तर जरा खाली. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन तुमचा आकडा ठरतो. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे निम्मा जन्माचा. उरलेल्या निम्म्यात ताट, वजन, वय, थायरॉइड असं सगळं येतं. म्हणजे ताट सुटलं असं समजू नका. निम्मा जन्माचा, निम्मा बाकीचा.

आणि एक. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं मोठ्या अक्षरात छापतात ना, त्याचे पैसे जास्त देऊ नका. शेंगदाण्याच्या, करडईच्या, कुठल्याच बियांच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळात जवळजवळ नसतंच. उद्या मिठाच्या पुडीवर ‘बिनहाडांचं’ असंही छापतील.

तर मास्तरांचे वडील. ४७ व्या वर्षी शेताच्या बांधावर छातीत कळ येऊन गेले. बिडी नाही, सुपारी नाही. घरात सगळे म्हणायचे, नजर लागली. मास्तरांनी हे डॉक्टरांना सांगितलं, तसं डॉक्टरांनी त्यांच्या टाचेच्या मागची शीर चाचपली, ती जाड लागली. हा घराण्यातून येणारा कोलेस्टेरॉलचा विकार, आणि तो दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. सुमारे अडीचशे माणसांत एकाकडे असतो. त्यात घंटागाड्या निम्म्याच चालतात. इथे ताक पिऊन भागत नाही, गोळी लागते. मास्तरांची सुरू झाली. भावंडांना आणि मुलांना प्रत्येकी निम्मी निम्मी शक्यता असते, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं. घरात कुणी पुरुष पंचावन्नच्या आत किंवा बाई पासष्टच्या आत हृदयविकाराने गेली असेल, तर हे तुम्हालाही लागू. वजन कितीही कमी असू द्या.

मास्तरांच्या मुलीने तपासलं, तिचं ९८ आलं. मुलाचं १९६, तो डॉक्टरांकडे जातोय. उरला धाकटा भाऊ, सांगलीला. मास्तर रोज त्याला फोन करतात, टेकडीवरूनच, आमच्यासमोर. तो म्हणतो, दिवाळी होऊ दे, मग बघू. हे तो मागच्या दिवाळीतही म्हणाला होता. काल कंत्राटदारांनी फोन हातातून घेतला आणि त्याला सांगितलं, की रविवारी मी गाडी घेऊन सांगलीला येतोय, उपाशीपोटी राहा.

नमस्कार.