मानसशास्त्राची पदवी, इतिहासाचा तास

बी.एड.च्या एका छात्राध्यापकाची ही वही म्हणजे त्याचे पाठ टाचण, तासाची लेखी आखणी आहे. एका रकान्यात शिक्षक कृती, शेजारी विद्यार्थी कृती. इयत्ता दहावी, विषय इतिहास. पदवी मात्र मानसशास्त्राची. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवू इच्छिणाऱ्यासाठी हा मार्ग बंद नाही, पण सरळही नाही.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्र हा विषय अकरावीपासून, तोही ऐच्छिक म्हणून येतो आणि तेथे शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी लागते. दहावीपर्यंत सामाजिक शास्त्रे म्हणजे इतिहास व राज्यशास्त्र आणि भूगोल. दहावीला प्रत्येकी 40 गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन. त्यामुळे बी.एड.ला अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायचा विषय, निवडताना पदवीला कोणते विषय होते, हा प्रश्न उभा राहतोच. बी.ए.ला मानसशास्त्राच्या जोडीला इतिहास किंवा भूगोल घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. दुर्दैवाने हा सल्ला अनेकांना पदवी हाती आल्यानंतर मिळतो.

2015 पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड.मध्ये पियाजे आणि वायगॉट्स्की यांचे मुलांच्या विकासाविषयीचे सिद्धांत, किशोरावस्था हे सारे या विद्यार्थ्याच्या ओळखीचे असते. त्याची खरी दमछाक होते ती आशययुक्त अध्यापन पद्धतीत, म्हणजे विषयाचा आशय आणि तो शिकवण्याची रीत एकत्र अभ्यासताना, कारण शीतयुद्ध असो वा आणीबाणी, तो आशय त्याला जवळजवळ नव्याने वाचावा लागतो.

त्याच्या पदवीचे चीज होते ते वर्गात. बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते; घटना काय घडली यापेक्षा ती आपल्याला कशी कळते, हा तेथील प्रश्न आहे. शैक्षणिक मानसशास्त्राचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासकार आणि आठ शालेय विद्यार्थी यांना अमेरिकेतील लेक्सिंग्टनच्या लढाईविषयीची तीच कागदपत्रे वाचायला दिली होती. इतिहासकार आधी कागद कोणी आणि केव्हा लिहिला ते पाहत. मुले पहिल्या ओळीपासून वाचत सुटत आणि मजकूर हीच माहिती मानत. हे ठाऊक असलेला शिक्षक बखरीतील उतारा फळ्यावर लिहिताना लेखकाचे नाव आणि काळ सर्वांत वर लिहितो आणि मजकुराला हात घालण्यापूर्वी त्यावरच दोन प्रश्न विचारतो.

पाठांतराचेही तसेच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्यानंतर सरशी झाली ती न पाहता आठवून लिहिणाऱ्यांची. पुस्तक मिटून टीप लिहायला लावणे मुलांना आवडत नाही, हे मान्य करूनही ते करावे लागते.

एक मोह मात्र आवरावा लागतो. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाचे मनातल्या मनात निदान करणे हे पदवीधराचे काम नव्हे; वर्गशिक्षक आणि पालक यांच्याशी बोलणे, गरज वाटल्यास समुपदेशकाकडे पाठवणे, एवढीच त्याची मर्यादा आहे.

पुढे शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि ही भरती ज्यावरून होते ते पवित्र पोर्टल. अंकमालिका आणि सांकेतिक भाषेचे प्रश्न कशाचे मापन करतात हे या उमेदवाराला इतरांपेक्षा चांगले कळते. गुण मात्र सरावानेच वाढतात. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात आणि 2023 पासून माध्यमिक स्तरावर त्यासाठीचे मानधन दरमहा 18,000 रुपये आहे.